हवेचा दाखला

यासीनभाई कुठलाही कागद आधी वाचत नसत. आधी तो दोन बोटांत धरून कानाजवळ हलवत, मग उजेडाकडे धरत, मग त्यावरून अंगठा फिरवत आणि शेवटी, मनात आलं तर, वाचत. लग्नपत्रिका असो, लाइटबिल असो की सरकारी पत्र, सगळ्यांना हाच मान. एकदा आमच्या ऑफिसात आलेल्या एका करकरीत पत्राचा आवाज ऐकून ते म्हणाले होते, "ह्यात काय दम न्हाई." आत जे लिहिलं होतं ते वाचल्यावर आम्हालाही तसंच वाटलं, पण ते नुसत्या कागदाबद्दल बोलत होते.

त्यांना जाऊन आता दोन पावसाळे झाले. माझं स्वतःचं छोटं ऑफिस घोडेगावात आहे, नकाशे आता कॉम्प्युटरवर निघतात, फायलीही ऑनलाइन जातात. कागद हातात येतच नाही. आला की मात्र मी नकळत तो हलवून बघते, आणि समोर बसलेला माणूस माझ्याकडे बघत राहतो.

तेव्हा मी जुन्नरला जाधव इंजिनिअरांकडे ड्राफ्ट्समन होते. गाव माझं शिनोली. सकाळी घोडेगावला यायचं, तिथून जुन्नरची एसटी पकडायची आणि दिवसभर लोकांच्या घरांचे नकाशे काढायचे. पुढं दुकान, मागं जिना, वर दोन खोल्या. दहा नकाशे काढले तरी एकच घर दहा वेळा काढल्यासारखं वाटायचं. त्या कामाला मी कंटाळले होते, हे मला यासीनभाई आल्यावर कळलं.

ते आले आठवडे बाजाराच्या दिवशी. अंगात बिनबाह्यांचा स्वेटर, तोही ऐन चैत्रात. कानामागे पेन्सिलीचा तुकडा. काखेत फाइल. तिला ना टाचणी होती ना स्टेपलर. डाव्या कडेनं पांढऱ्या दोऱ्याचे टाके घातले होते, वहीला घालतात तसे. बाजारपेठेत त्यांचं बायंडिंगचं दुकान होतं. शाळेच्या वह्या, व्यापाऱ्यांची चोपडी, जुनी रजिस्टरं असं सगळं ते शिवून द्यायचे. टाचणीनं कागदाला गंज चढतो, हे त्यांचं ठाम मत होतं, आणि त्यासाठी ते कुणाशीही भांडायला तयार असत.

जाधव साहेबांसमोर बसून ते म्हणाले, "साहेब, आमाला हवा इकायचीय."

साहेबांना वाटलं, टायरवाल्यासारखं काही दुकान काढायचं असेल. त्यांनी विचारलं, कॉम्प्रेसर बसवायचा आहे का. यासीनभाईंनी मान हलवली, फाइल उघडली आणि नियमांच्या पुस्तकातून झेरॉक्स काढून आणलेलं एक पान पुढं ठेवलं. त्यावर पेन्सिलीनं बारीक रेघा मारल्या होत्या.

जुन्नरमध्ये एके काळी हातानं कागद बनायचा हे मी ऐकून होते. यासीनभाईंचं घराणं त्यातलं. कागदवाल्यांच्या गल्लीत त्यांचा कारखाना होता. राहतं घर नव्हे, कारखानाच. लांबलचक पडवी, दगडी हौद, लगदा कुटायची जागा. त्यांच्या वडिलांच्या काळातच काम बंद पडलं, गिरणीच्या कागदापुढं ते टिकलं नाही. पण इमारत राहिली आणि पुढं वारसा इमारतींच्या यादीत तिचं नाव आलं. म्हणजे ती पाडता येत नव्हती, आणि राखायला हातात काही नव्हतं. कौलं फुटली होती, पाणी आत येत होतं. अर्धा हिस्सा यासीनभाईंचा, अर्धा त्यांच्या वारलेल्या भावाचा, म्हणजे पुतण्या सलीमचा. सलीम भोसरीत एका कंपनीत होता. त्याला एक बिल्डर भेटला होता आणि तिथं खाली गाळे, वर फ्लॅट बांधतो म्हणत होता. यादीचं काय ते मी बघतो, असंही त्या बिल्डरनं सांगितलं होतं.

"आमच्या जागंवर आजच्या नियमानं आजून दोन मजले चढत्यात," यासीनभाई म्हणाले. "पर इमारत यादीत हाये, म्हंजे चढवायचे न्हाईत. मंग ते न चढवलेले मजले गेले कुठं? आमच्या डोक्यावर हवेतच हायेत का न्हाई? ह्यात असं लिव्हलंय की ते कागदावर उतरवून घ्या. ज्याला आपल्या जागंत जास्त बांधायचंय, त्याला इका. तो तिकडं बांधंल, तुमी हिकडं डागडुजी करा. मी काय चुकीचं वाचलं का?"

साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. टीडीआर म्हणतात त्याला, म्हणाले, आणि तुम्ही अगदी बरोबर वाचलंय. पण हे पुण्या-मुंबईकडचं काम. जुन्नरमध्ये आजवर असा अर्ज कुणी केल्याचं मला माहीत नाही.

"मंग फॉर्म कोरा आसंल," यासीनभाई म्हणाले. "बरं झालं."

साहेब हसले आणि त्यांनी काम घेतलं. खरं म्हणजे माझ्या गळ्यात घातलं.

मोजमापाला मी टेप, वही आणि कॅमेरा घेऊन गेले. दुपारपर्यंत उरकून परतायचं असं डोक्यात होतं. यासीनभाईंनी मला पहिला तासभर टेप उघडूच दिला नाही. हौदापाशी नेलं, लगदा कुठं कुटत ते दाखवलं, आणि मग पडवीच्या आतल्या भिंतीसमोर उभं केलं. भिंत खूप लांब होती. वरून ओल उतरून तिच्यावर काळे ओघळ आले होते, दोन ठिकाणी पोपडे सुटले होते. मला ती एक खराब झालेली भिंत दिसली. वहीत मी 'प्लास्टर नादुरुस्त' असं लिहिलंही.

"मॅडम, गाल लावा," ते म्हणाले.

मला कळलं नाही. त्यांनी स्वतःच जाऊन, चांगल्या जागी, भिंतीला गाल टेकवला आणि डोळे मिटले. मग बाजूला होऊन मला जागा दिली. मी लाजत लाजत गेले. बाहेर ऊन रखरखत होतं. भिंत गार होती, आणि गुळगुळीत. चुना असा असतो हे मला माहीत नव्हतं. इतक्या वर्षांत मी नकाशावर हजारो भिंती काढल्या होत्या, पण त्यातल्या एकीलाही हात लावलेला नव्हता.

त्या भिंतीवर कागद वाळायचे. हौदातून साच्यानं ओला ताव उचलायचा, दगडाखाली दाबून पाणी काढायचं आणि मऊ कुंच्यानं भिंतीवर चिकटवायचा. त्यांची आई हे काम करायची. यासीनभाई तेव्हा आठ-नऊ वर्षांचे. ताव वाळत आला की त्याचा एक कोपरा आपोआप सुटायचा आणि बारीक टक् असा आवाज यायचा. एक सुटला की दुसरा, मग तिसरा. भिंत बोलायला लागली की अम्मी हातातलं काम टाकून यायची, असं ते सांगत. भिंतीत खडबड असेल तर तेवढी खडबड तावावर उतरायची, म्हणून भिंत आरशासारखी घोटलेली हवी.

"कागद वाचायला समदेच येत्यात," ते म्हणाले. "तो ज्या भिंतीवरनं उतरला ती कुणी बघत न्हाई."

मी 'प्लास्टर नादुरुस्त' खोडलं. मोजमापाला तीन दिवस लागले. त्या तीन दिवसांत मी मॅडमची 'पोरी' झाले. ते बशीत चहा ओतून प्यायचे आणि झाल्यावर कप बशीत पालथा घालायचे. मला दुसरा चहा घ्यायला लावायचे, स्वतः कधी घ्यायचे नाहीत. एकटे राहत. घरात बाई का नाही, हे मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही.

ईदला सलीम आला. त्या दिवशी यासीनभाईंनी मला शिरखुर्म्याला बोलावलं होतं, म्हणून मी तिथं होते. खरं तर नकाशे दाखवायला मीच हवी होते. सलीम चांगला माणूस. त्यानं नकाशे नीट बघितले, मला दोन-तीन गोष्टी विचारल्या आणि मग काकांकडे वळला.

"चाचा, तुमची भिंत मला पटती. पण माझी दोन पोरं एका खोलीत झोपतात आणि आमी दोघं किचनमध्ये. घरमालक खोली खाली करा म्हणतोय. बिल्डरचा माणूस रोज फोन करतो. मी त्याला काय सांगू?"

यासीनभाईंनी नकाशांची गुंडाळी केली. सलीम चूक बोलत नव्हता हे त्यांनाही कळत होतं, मलाही कळत होतं. ते म्हणाले, "हवा इकली की पयला वाटा तुझा. पुरा. भिंतीला जे उरंल त्ये."

"आणि नाही विकली तर?"

"येत्या न्हाई, त्याच्या पुढच्या बकरी ईदपर्यंत थांब. मंग तू आणशील त्या कागदावर मी सही करतो. न वाचता."

न वाचता हा शब्द त्यांच्या तोंडून आल्यावर सलीमनं मान खाली घातली. त्यानं बिल्डरला थांबायला सांगितलं. तेवढा काळ तो आणि त्याची बायको किचनमध्येच झोपत राहिले, हे मी विसरत नाही. भिंतीसाठी त्यांनीही काही सोसलं होतं.

अर्ज गेला. तो वर जाऊन, तपासून, खाली यायला जो वेळ लागायचा तो लागला. कुणी मुद्दाम अडवलं नाही. सगळ्यांनाच ते नवं होतं आणि प्रत्येकाला एकदा समजावून सांगावं लागत होतं. यासीनभाई प्रत्येक टेबलाशी जाऊन आपल्या हवेची गोष्ट पहिल्यापासून सांगायचे. एक वयस्कर क्लार्क बाई तर म्हणाल्या की त्यांना आता ही गोष्ट पाठ झालीये, पण ऐकायला बरं वाटतं. शेवटी दाखला आला. एवढ्या चौरस मीटरचा हक्क, या मालकांच्या नावे, असं त्यात होतं. यासीनभाईंनी तो कानाजवळ हलवला आणि म्हणाले, "बरा हाये." सलीमला दिलेल्या शब्दातले तेव्हा चार-पाच महिनेच उरले होते.

दाखला आल्यावर खरी अडचण कळली. तो हक्क जुन्नर शहरातच वापरता येणार होता, आणि जुन्नरमध्ये तो कुणाला लागत नव्हता. पुण्यात दहा-बारा मजले चढतात, तिथं जास्तीच्या मजल्यासाठी माणसं रांगेत असतात. आमच्याकडं जेवढं बांधायला परवानगी तेवढंही कुणी बांधत नाही. जाधव साहेब म्हणाले, यासीनभाई, तुमच्याकडे माल आहे पण बाजार नाही.

यासीनभाईंनी हे ऐकलं आणि दुसऱ्या दिवसापासून गावात फिरायला सुरुवात केली. कुठं पायाचे खड्डे खणलेले दिसले की तिथं जाऊन उभे राहायचे आणि मालकाला विचारायचे, "किती मजले?" लोक म्हणायचे, तळमजला आणि वर एक. "आजून एक चढवा की, माझ्याकडं हाये." माणसं हसायची. काही जण त्यांना हवावाले म्हणायला लागले. ते रागावत नसत. दुकान दुपारी बंद ठेवायला लागले होते, त्याची मात्र मला काळजी वाटायची.

याच दिवसांत घाटघरला एका वर्गखोलीच्या मोजमापाचं काम निघालं. यासीनभाईंना कळलं तसे ते आमच्या जीपमध्ये येऊन बसले. चुन्यात हिरड्याचं पाणी घालावं लागतं, म्हणाले, आणि हिरडा तिकडचाच चांगला. अजून हवा विकली गेली नव्हती, कौल बदलायला छदाम नव्हता, आणि हा माणूस हिरडा आणायला निघाला होता. साहेबांनी नुसतं माझ्याकडे बघितलं.

घाटघरात एका घरासमोर हौसाबाई नावाच्या आजी हिरडा वाळत घालून बसल्या होत्या. यासीनभाई उकिडवे बसून एक एक हिरडा निवडायला लागले. आजींनी थोडा वेळ बघितलं आणि विचारलं, "कुनाला खोकला झालाय, भाऊ?"

"भिंतीला," ते म्हणाले.

आजींना त्यात काही वावगं वाटलं नाही. त्यांनी आत जाऊन आणखी चांगला, दडवून ठेवलेला हिरडा आणला. तिथं नाणेघाटाकडून वारा सुटला होता, पदर, ओढणी, टेप काही जागेवर राहत नव्हतं. यासीनभाईंनी त्यांना सगळी गोष्ट सांगितली, की आपण हवा विकायला निघालोय आणि गिऱ्हाईक मिळत नाही. आजी म्हणाल्या, "इथली न्या की हवी तेवढी. आमी कुनाकडं मागतोय?" यासीनभाई इतके हसले की त्यांना खोकला आला. परतताना जीपमध्ये हिरड्याचं पोतं मांडीवर घेऊन बसले होते. मला वाटतं, त्या दिवसाइतकं सुखी मी त्यांना नंतर एकदाच बघितलं.

गावाबाहेरच्या रुंद रस्त्यावर एक डॉक्टर बाई दवाखाना बांधत होत्या. तिथले पायाचे खड्डे यासीनभाईंच्या नजरेतून सुटणं शक्यच नव्हतं. डॉक्टरांना एक मजला जास्तीचा हवा होता. पण त्यांच्या पुण्याच्या आर्किटेक्टचं म्हणणं असं की सरकारला शुल्क भरूनही तो मिळतो, मग ह्या म्हाताऱ्याच्या दाखल्याच्या आणि पुतण्याच्या सह्यांच्या भानगडीत कशाला पडायचं. यासीनभाई दोनदा जाऊन परत आले. तिसऱ्या वेळी जाधव साहेब आणि मी बरोबर गेलो. बकरी ईदला महिनाही राहिला नव्हता.

साहेब डॉक्टरांना फायदे समजावत होते. यासीनभाई मध्येच म्हणाले, "मॅडम, वरच्या मजल्यावर काय करणार तुमी?"

डॉक्टर म्हणाल्या, बाळंतिणींचा वॉर्ड. जुन्नरच्या पश्चिमेकडच्या गावांतून बायका येतात, अडलेल्या असतात, त्यांना पुढं पुण्याला न्यावं लागू नये.

यासीनभाईंनी हातातली फाइल मिटली. मग म्हणाले, "मंग मी घासाघीस करत न्हाई. तुमी म्हणाल तो भाव. सलीमच्या वाट्यापुरता झाला म्हंजे बास."

साहेबांचा चेहरा पडला. इतक्या दिवसांची मेहनत हा माणूस एका वाक्यात घालवणार असं त्यांना वाटलं. पण डॉक्टर बाईंनी त्यांच्याकडे जरा वेळ बघितलं आणि आर्किटेक्टला फोन लावला. भाव त्यांनी वाजवी दिला. कुणी म्हणेल, त्याहून थोडा जास्तच.

बाहेर आल्यावर यासीनभाई पुढं चालत गेले आणि साहेबांनी मला त्यामागचं कारण सांगितलं. यासीनभाईंची बायको, मेहरून, पहिल्याच बाळंतपणात गेली होती. जुन्नरला सोय झाली नाही म्हणून पुण्याला नेत होते, आणि ती वाटेतच गेली, बाळही गेलं. तेव्हा ते सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांचे असतील. पुन्हा लग्न केलं नाही. मी रस्त्यावर थांबले. पुढं तो स्वेटर, ती जरा वाकलेली पाठ दिसत होती. ते वळून आमची वाट बघत होते.

"पोरी," मी जवळ गेल्यावर ते म्हणाले, "आमच्या डोक्यावरच्या हवेत लेकरं जन्मणार."

एवढंच. आणि पुन्हा चालायला लागले.

सलीमचा वाटा शब्द दिल्याप्रमाणे आधी गेला. त्यानं भोसरीत तयार फ्लॅट घेतला. उरलं त्यात पूर्ण इमारत होणार नव्हती. दर्शनी बाजू करायची की पडवी, असं मी विचारलं. लोकांना दिसतं ते पुढचं तोंड, असंही मी म्हणाले. यासीनभाईंनी पडवीचं छप्पर आणि ती भिंत निवडली. पुढच्या दाराला पत्रा ठोकलेला होता, तो तसाच राहिला. आजही आहे.

ओतूरहून एक म्हातारे गवंडी आले, चुन्याचं काम येणारे. चुना भिजवून मुरायला ठेवला, हिरडा ठेचून उकळला. यासीनभाई रोज दुकान लवकर बंद करून तिथं बसायचे. कागद घोटायचा वडिलांचा दगड त्यांनी जपून ठेवला होता. शेवटचा हात त्या दगडानं मारायचा त्यांचा हट्ट. गवंडी आधी चिडले, मग त्यांनाही चव लागली. दोघं म्हातारे भिंतीच्या दोन टोकांना बसून दगड फिरवत राहायचे, आणि दुपारभर पडवीत तोच एक आवाज असायचा.

भिंत पुरी वाळल्यावर त्यांनी बायंडिंगच्या दुकानातली कात्रणं भिजवली आणि लगदा केला. एकच ताव निघाला, तोही कडेला फाटका. कुंचा सलीमच्या हातात दिला. सलीमनं आयुष्यात असं काही केलं नव्हतं. गल्लीतली पाच-पन्नास माणसं जमली होती, डॉक्टर बाई आल्या होत्या, जाधव साहेब स्टुलावर बसले होते. ताव भिंतीवर बसला आणि सगळे वाट बघत उभे राहिले. तास-दीड तास गेला. लोक पांगायला लागले. मग कोपरा सुटला. आवाज इतका बारीक होता की बऱ्याच जणांना तो कळलाच नाही. यासीनभाई तेवढे ताडकन उठून उभे राहिले, लहान मुलाला कुणी हाक मारावी तसे. मी मघाशी म्हटलं ते दुसऱ्यांदाचं सुख, ते हे.

माणसानं एखादी गोष्ट राखावी आणि मग तिच्याजवळ बसून म्हातारं व्हावं, असं मला तेव्हा वाटायचं. तसं झालं नाही. त्याच हिवाळ्यात त्यांची उजवी बाजू लुळी पडली. डॉक्टर बाईंचा दवाखाना तोवर सुरू झाला होता, तिथं तळमजल्यावर ते पंधरा दिवस होते. वरच्या मजल्यावर न्या म्हणायचे, पण तिथं पुरुषांना कुठं नेतात. एकटं ठेवणं शक्यच नव्हतं. सलीम येऊन त्यांना भोसरीला घेऊन गेला. किचनमध्ये झोपणारा सलीम आता काकांना स्वतंत्र खोली देऊ शकत होता. त्यानं ती दिली, आणि मनापासून दिली. दुकान बंद झालं. कारखान्याची किल्ली त्यांनी माझ्याकडे दिली आणि पावसाळ्यात आठवड्यातून एकदा आत डोकावून ये म्हणाले.

मी जायचे. सुटीच्या दिवशी शिनोलीहून येऊन, दुपारची गाडी पकडून. पडवीत जरा वेळ उभी राहायचे. ओल नव्हती. पण तिथं बोलायला कुणी नव्हतं, आणि चहा आता मी बाजारात पिऊन येत होते. रिकाम्या जागेची मला कधी भीती वाटली नव्हती. ती जागा मात्र मला नकोशी व्हायला लागली, कारण ती इतकी नीट झाली होती.

पुढच्या उन्हाळ्यात मी भोसरीला त्यांना भेटायला गेले. सातव्या मजल्यावरचा फ्लॅट. यासीनभाई गॅलरीत खुर्चीवर बसले होते, अंगात तोच स्वेटर. बोलणं जडावलं होतं, पण समजत होतं. ओल आली का, एवढं त्यांनी विचारलं. नाही म्हटल्यावर मान हलवली. मग म्हणाले, इथं आल्या आल्या त्यांनी सलीमला विचारलं होतं की आपण राहतो ती हवा कुणाची. सलीमला माहीत नव्हतं. मग ते काठी टेकत बिल्डरच्या ऑफिसात गेले. तिथल्या मुलानं बघून सांगितलं की वरचे मजले टीडीआरचे आहेत.

"कुण्या शेतकऱ्याचं रान रस्त्यात गेलं," ते म्हणाले. "त्याच्या बदली मिळालेला हक्क हिथं चढवलाय. नाव काय त्या पोराला म्हाईत न्हाई. मी रोज दुवा करतो त्याच्यासाठी, बिननावाची."

मी म्हटलं, सलीमची गाडी आहे, एकदा जुन्नरला चला, बघून या. ते म्हणाले, बरा झालो की. दोघांनाही माहीत होतं. सलीमच्या बायकोनं जेवायला वाढलं. निघताना मला खालपर्यंत सोडायचं त्यांनी ठरवलं होतं, कुणाचं ऐकलं नाही. लिफ्टमध्ये एका हातानं दांडा धरून उभे राहिले.

खाली गेटवर सोसायटीचं रजिस्टर असतं. येणाऱ्यानं नाव, कुणाकडे, कुठून, येण्याची वेळ, जाण्याची वेळ असं लिहायचं. मी जाण्याची वेळ लिहिली. वॉचमननं न विचारता ते रजिस्टर यासीनभाईंकडे वळवलं आणि पेनाचं टोपण काढून दिलं. मी त्याच्याकडे बघितलं. तो हळूच म्हणाला, बाबा इथलेच आहेत, त्यांना लिहायची गरज नाही, पण खाली आले की वर जाताना रोज लिहितात. आता मी त्यांच्यासाठी एक ओळ सोडतोच.

यासीनभाई डाव्या हातानं लिहीत होते. अक्षर पहिलीतल्या मुलासारखं, ओळीच्या वर-खाली जाणारं. घाई अजिबात नव्हती. नाव लिहिलं. कुणाकडे, तिथं सलीम लिहिलं. कुठून, तिथं जुन्नर लिहिलं. घड्याळाकडे बघून येण्याची वेळ टाकली. शेवटचा रकाना मोकळा सोडला आणि पेन वॉचमनला परत दिलं.

मग मला म्हणाले, "जा आता, गाडी चुकंल." आणि काठी टेकत, एक पाय ओढत, लिफ्टच्या दाराशी जाऊन पाहुण्यासारखे बाजूला उभे राहिले. आतून एक कुटुंब बाहेर आलं, त्यांना त्यांनी आधी जाऊ दिलं.